वीस, पण वीस काय?

तीर्थस्वरूप दादांच्या पायाशी, त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा आणि वजनमापे खात्यातला निरीक्षक, या दोघांचाही (म्हणजे माझा एकट्याचाच) वाकून नमस्कार. वाकून हे फक्त लिहिण्यापुरतं. मानेला पट्टा असल्यामुळे मला सध्या वाकता येत नाही.

आपली तब्येत कशी आहे? उजवा गुडघा अजून बोलतो का? आमच्या घरात सध्या काहीच बोलत नाही, म्हणून आधी गुडघ्याची चौकशी केली. वहिनींना नमस्कार सांगा. माझ्या मानेचं म्हणाल तर डॉक्टरांनी पट्टा आणखी महिनाभर ठेवायला सांगितलाय. समोर बघता येतं, बाजूला बघायचं तर अख्खा देह फिरवावा लागतो, आणि वर अजिबात बघता येत नाही. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की आपण पोस्टकार्डावर पाठवलेल्या सूत्राने गेल्या रविवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, भरलेल्या सभागृहात, माझा जीव घेण्याचा प्रयत्न केला. मी फोनच करणार होतो. पण फोन बाहेरच्या खोलीत आहे, आणि बाहेरच्या खोलीत आपल्या भगिनी लोकरीची गुंडी घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर त्यांच्या भावाची तक्रार करणं प्रशस्त वाटेना. शिवाय येत्या रविवारी पुन्हा प्रयोग आहे, पुन्हा तेच पोतं आहे, आणि पोत्याच्या दोरीपाशी पुन्हा त्याच असणार आहेत. तेव्हा माझी विनोदबुद्धी सध्या जागेवर नाही, हे गृहीत धरून पुढचं वाचा.

आधी अबोल्याचं सांगतो, म्हणजे तुम्ही उगाच एकाच बाजूचं ऐकून बसायला नको. आज अबोल्याचा बाविसावा दिवस. कारण तुमच्या आईचा तो पितळी तराजू. सौ. त्याच्यावर लोकर तोलून शेजारपाजाऱ्यांना विकते, हे मला अनेक वर्षं ठाऊक होतं, पण तो तराजू मी कधी तपासला नव्हता. एके दिवशी जेवणानंतर सहज म्हणून खात्याची प्रमाणित वजनं लावून पाहिली. अकरा ग्रॅमची खोट! एक पारडं चक्क दोऱ्याने बांधलेलं! आता सांगा, मी दिवसभर बाजारात फिरून लोकांचे तराजू जप्त करायचे आणि घरी येऊन सदोष तराजूशेजारी झोपायचं? मी रीतसर पंचनामा केला (पंच म्हणून समोरच्या शिंपीणबाई), तराजूला लाखेचं सील लावलं आणि तो कचेरीतल्या कपाटात जमा केला. सौ. म्हणाली, अहो, ती खोट गिऱ्हाइकाच्या बाजूची आहे, शंभर ग्रॅमला एकशे अकरा जातात. मी म्हणालो, कायद्याला बाजू नसते. यानंतर तिने जे तोंड मिटलं ते मिटलंच. तेव्हापासून घरातला सगळा व्यवहार चिठ्ठ्यांवर चालतो. चहा मिळतो, जेवण मिळतं, शर्टाला बटणं लागतात, पण आवाज नाही. दादा, खरं सांगू, पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून घर खायला उठलंय.

आता नाटकाचं. दरवर्षी आमच्या कचेऱ्यांचं मिळून एक नाटक होतं, आणि यंदा मला धान्याच्या गोदामवाल्याची भूमिका मिळाली. (मुख्य भूमिका आहे. दिग्दर्शक हे कबूल करत नाही, पण संवाद मोजून बघा.) हा गोदामवाला आयुष्यभर मापात लबाडी करतो, आणि तिसऱ्या अंकात छातीवर हात ठेवून सांगतो, की ‘मी कुणाला दाणाभर कमी दिलेलं नाही.’ वाक्य संपतं, तो एक पाऊल बाजूला होतो, आणि त्याच क्षणी तो उभा होता त्या जागी वरून पोतं कोसळतं. नाटकाचा सगळा जीव त्या एका धडाक्यात आहे. क्रम असा: मी खोकतो, ती खूण, वरच्या फळीवरचा माणूस दोरीची सरकगाठ सोडतो, मी वाक्य म्हणतो, बाजूला होतो, धाडकन आवाज.

दिग्दर्शक (हा विमा कचेरीतला गृहस्थ आहे, तरी इतका बेफिकीर कसा देव जाणे) म्हणाला, तालमीत अंदाजाने जमवू. अंदाज! दादा, सव्वीस वर्षं मी या खात्यात काढली, अंदाज हा शब्द ऐकला की माझं पित्त खवळतं. मी म्हणालो, पडणाऱ्या वस्तूला किती वेळ लागतो याचं सूत्र असतं आणि माझे मेहुणे शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात. म्हणून आपल्याला लिहिलं. आपलं पोस्टकार्ड चौथ्या दिवशी आलं. वरच्या अर्ध्या भागात माझ्या नावे सूत्र होतं: अंतर बरोबर चार पूर्णांक नऊ गुणिले वेळ गुणिले वेळ. खालच्या अर्ध्या भागात ‘चिमे,’ अशी सुरुवात करून बहिणीला मजकूर होता. तो मी वाचला नाही. दुसऱ्याचं टपाल मी वाचत नाही, मग ते माझ्या हातात का असेना. कार्ड टेबलावर तिच्या बाजूला सरकवून ठेवलं. माझ्या या सचोटीने मला कुठे नेऊन ठेवलं ते पुढे येतंच आहे.

सूत्र मिळालं, अंतर हवं होतं. मला वर बघता येत नाही, म्हणून रंगमंचाच्या सुताराला विचारलं. हा म्हातारा माणूस, अतिशय कमी बोलणारा. घड्यांची पिवळी पट्टी घेऊन शिडीवर चढला, खाली आला आणि म्हणाला, वीस. बस्स, एवढंच. वीस! दादा, मी रोज दुकानदारांना दरडावत असतो, की एककाशिवाय आकडा सांगायचा नाही. पाच म्हणजे पाच काय? किलो, लिटर की नारळ? गेल्याच महिन्यात दुधाच्या दुकानात एकाला यावरून मी रडवलंय. आणि मीच, मी स्वतः, त्या सुताराला ‘वीस काय?’ असं विचारलं नाही. लांबी कायद्याने मीटरमध्ये मोजायची असते, तेव्हा वीस म्हणजे वीस मीटर, असं मी मनाशी धरून चाललो. वीस मीटर म्हणजे सहा मजली इमारत! आमच्या सभागृहावर कबुतरंसुद्धा बसत नाहीत, इतकं ते बुटकं आहे. पण मान वर होत नव्हती आणि कागदावर आकडा गोजिरवाणा बसत होता. वीसला चार पूर्णांक नऊने भागा, साधारण चार. चाराचं वर्गमूळ दोन. दोन सेकंद! कचेरीचं प्रमाणित स्टॉपवॉच आणून मी माझं वाक्य दोन सेकंदांत बसवलं. ‘मी कुणाला दाणाभर’ इथे एक सेकंद, ‘कमी दिलेलं नाही’ इथे दुसरा. रोज दाढी करताना वीसदा म्हणत होतो. घरात ऐकणारं कुणी होतं, पण दाद देणारं नव्हतं.

यात आणखी दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोन्हींत मीच शहाणा ठरलो होतो. पहिली अशी, की दिग्दर्शक म्हणाला, पोत्यात लाकडाचा भुसा भरू, वरून थोडी वाळू. मी साफ नकार दिला. पोत्यावर ‘२५ किलो’ छापलंय, तर आत पंचवीस किलोच असलं पाहिजे, नाहीतर माझ्यासारख्याने रंगमंचावर पाऊल कसं ठेवायचं? मी स्वतः वाळू आणली, खात्याच्या काट्यावर तोलली आणि चिमूटभर जास्त झाली ती काढून टाकली. दिग्दर्शकाने भीत भीत विचारलं, जड असलं तर लवकर पडेल का हो? मी त्याच्या अज्ञानाला हसलो. सूत्रात वजनाला जागाच नाही, म्हणालो. सूत्रात नसेल, पण डोक्याला ते असतं, हे तेव्हा सुचलं नाही.

दुसरी गोष्ट उशीची. सभागृहाच्या रखवालदाराने तालमीत खरं पोतं पाडायला मनाई केली, कारण फळ्या तुटतात. म्हणून तालमीत आम्ही उशी पाडायचो. उशी कसली, नुसता अभ्रा आणि आत मूठभर पिसं. ती कागदासारखी तरंगत खाली यायची. मी खोकायचो, वाक्य म्हणायचो, ऐटीत बाजूला व्हायचो, आणि मग उशी अलगद टेकायची. दोन सेकंद, अगदी तंतोतंत! मी सगळ्यांना म्हणायचो, बघा, याला म्हणतात शास्त्र. हवा नावाची वस्तू उशीला धरून ठेवते आणि पोत्याला विचारतही नाही, हे आपण मला पोस्टकार्डावर लिहायला हवं होतं. जागा होती. खालचा अर्धा भाग बहिणीला देऊन टाकलात.

आणि आता दोरीवरचा माणूस. वीजमंडळातले एक गृहस्थ वरच्या फळीवर बसायचे. प्रयोगाच्या चार-पाच दिवस आधी त्यांना गोवर आला. (या वयात! पण आला.) सौ. तालमींना माझा डबा घेऊन येई आणि कोपऱ्यात विणत बसे. दिग्दर्शकाने तिचा हात किती स्थिर आहे ते पाहिलं आणि तिला विचारलं, आणि तिने मान हलवली. मला कुणी विचारलंच नाही! मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, गृहस्था, ही बाई पंधरा दिवस माझ्याशी बोलत नाही, आणि तू तिच्या हातात पंचवीस किलो वाळू देऊन मला खाली उभं करतोस? तो म्हणाला, अहो, तुमच्याकडे त्यांच्याइतकं लक्ष कोण देणार! विमा कचेरीत राहून माणसाचं काळीज असं होतं.

दुसऱ्या दिवशी डब्यात चिठ्ठी निघाली. त्यावर फक्त ‘१६’ लिहिलेलं. तारीख नाही, सही नाही, एकक नाही! तो अबोल्याचा सोळावा दिवस होता. मला वाटलं, ही दिवस मोजून मला टोमणा मारतेय. माझाही पारा चढला. मी चिठ्ठीवर ‘अपूर्ण. एकक नमूद करावे. परत’ असा शेरा मारला, खाली सही ठोकली आणि रिकाम्या डब्यातून ती परत पाठवली. त्यानंतर चिठ्ठी आली नाही.

प्रयोगाचा दिवस उजाडला. सभागृह खच्चून भरलेलं. पहिला अंक उत्तम गेला, दुसरा बरा गेला. तिसऱ्या अंकात माझा प्रवेश सुरू झाला. खडूने केलेल्या फुलीवर मी उभा, डोक्यावर पंचवीस किलो वाळू, वाळूवर आपली बहीण. मला दोन्ही दिसत नव्हत्या. समोर दिसत होता फक्त बाजूचा पडदा, आणि त्याच्या आड आमचा सुतार. त्याला एक टेबल पुढच्या प्रवेशासाठी दारातून आणायचं होतं. त्याने ती पिवळी पट्टी काढली, टेबलावर दोनदा ठेवली आणि हमालाला म्हणाला, चार.

चार? मी टेबलाकडे बघितलं. साधं शाळेतल्यासारखं टेबल. ते चार मीटर असतं तर त्यावर आख्खं वऱ्हाड जेवलं असतं. दादा, माझ्या पायाखालची जमीन सरकली. चार फूट! म्हणजे वीस, तेही फूट! आणि त्याच क्षणी ती चिठ्ठी डोळ्यांपुढे आली. सोळा. पोस्टकार्डाचा खालचा अर्धा भाग. फुटांत मोजलं तर चार पूर्णांक नऊच्या जागी सोळा येतात, हे मीही कधीकाळी शाळेत शिकलो होतो आणि परीक्षेनंतर आनंदाने विसरलो होतो. तोंडाने संवाद चालू ठेवून मी मनात भागाकार करू लागलो. वीस भागिले सोळा, सव्वा. सव्वाचं वर्गमूळ एक आणि वर थोडंसं. दोन सेकंद नाहीत, एकच आहे! आणि हेही अंतर जमिनीपर्यंतचं. माझं डोकं काही जमिनीवर नसतं, ते साडेपाच फूट वर असतं, पोतं त्याला आधी भेटणार. म्हणजे पुरता एक सेकंदही नाही. ‘मी कुणाला दाणाभर’ इथपर्यंत मी या जगात होतो, ‘कमी दिलेलं नाही’ हे माझ्या पश्चात कुणीतरी म्हणायचं होतं.

मग मी ठरवलं, की खोकायचंच नाही. खोकलो नाही तर गाठ सुटणार नाही. पण न खोकायचं ठरवल्याबरोबर घशात जी खवखव सुरू झाली, ती काय वर्णावी! त्यात वरच्या पोत्यातून वाळूची बारीक धूळ झिरपत होती. (भुसा असता तर झिरपला नसता, हे दिग्दर्शकाने मला नंतर तीनदा ऐकवलं.) मी खोकत नाही म्हणून विंगेतला वाक्य सांगणारा कुजबुजला, खोका. मी नाटकात नसलेलं वाक्य घातलं, धान्याच्या भावाबद्दल. तो जरा मोठ्याने म्हणाला, अहो, खोका. मी हवामानावर बोलू लागलो. तिसऱ्यांदा तो इतक्या जोरात म्हणाला, की पहिल्या दोन रांगांनी ऐकलं आणि तिसऱ्या रांगेतले एक परोपकारी आजोबा माझ्यासाठी खोकले.

मी उडीच मारली. कुठे, कशी, काही कळलं नाही. पट्ट्यासकट पालथा पडलो, हात डोक्यावर, डोळे मिटलेले. पोतं आलं नाही. लोक हसायला लागले. मी उठलो, पण पट्ट्यामुळे पायांपाशी खालीही बघता येईना, त्यामुळे खडूची फुली कुठे आहे ते दिसेना, आणि उठलो तो नेमका तिच्यावरच उठलो असणार. कारण समोरचा दिग्दर्शक दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. आणि नेमका तेव्हाच, दादा, माझा स्वतःचा खोकला आला. खरा, पोटातून, एकदा नव्हे, लागोपाठ पाच-सहा वेळा. खूण पुरी झाली होती. मला हलता येईना. मी डोळे मिटले. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी सूत्र आठवलं नाही की खातं आठवलं नाही. एवढंच मनात आलं, की बावीस वर्षांच्या संसारात शेवटी मी हिला लिहिलं काय, तर ‘अपूर्ण, परत.’

एक सेकंद गेला. दोन गेले. पोतं नाही. आणि मग वरून आवाज आला. एकोणीस दिवसांनी ऐकला, तरी लगेच ओळखला.

“अहो, सरका.”

“कुठे?” मी विचारलं.

“डावीकडे.”

“किती?”

“दोन.”

आणि दादा, जन्माची सवय! डोक्यावर पोतं, समोर चारशे माणसं, पण माझ्या तोंडून निघालं, “दोन काय?”

“पावलं!” ती ओरडली. असं ओरडली, की शेवटच्या रांगेतलं झोपलेलं माणूस जागं झालं.

मी दोन पावलं डावीकडे सरकलो. एक श्वास गेला आणि माझ्या उजव्या बाजूला धरणी हादरली. धूळ उडाली. दोन फळ्या तुटल्या. आणि लोकांनी जो काही टाळ्यांचा कडकडाट केला, तसा त्या सभागृहात आजवर कुणाला मिळाला नसेल. त्यांना वाटलं, हे सगळं नाटकातच आहे. मी तिथेच उभं राहून, टाळ्या थांबल्यावर, माझं वाक्य म्हटलं, की मी कुणाला दाणाभर कमी दिलेलं नाही. त्यावर पुन्हा हशा. दिग्दर्शक म्हणतो, येत्या रविवारी सगळं अस्संच करायचं. त्याला म्हटलं, सगळं म्हणजे काय काय? तर म्हणे, भीतीसुद्धा.

तर दादा, आपल्या सूत्राबद्दल माझी तक्रार अशी, की त्यातला चार पूर्णांक नऊ हा आकडा दिसायला फार सभ्य आहे, पण तो फक्त मीटरवाल्यांशी सभ्यपणे वागतो. फूट घेऊन गेलं की तोच माणसाच्या जिवावर उठतो. अशा आकड्याशेजारी ठळक अक्षरांत इशारा हवा. आपण तो दिला होता, पण माझ्या नावे दिला नव्हता. याचा लेखी खुलासा आपण करावा, अशी नम्र विनंती. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला आराम.

आपल्या उत्तराच्या वाटेवर डोळे (मान नव्हे) लावून बसलेला,
आपल्या बहिणीचा नवरा

ता. क. – आपल्याला वाटलं असेल, की पोतं पडलं आणि अबोलाही पडला. तसं झालेलं नाही. घरी आल्यावर मी चिठ्ठी लिहून विचारलं, की अबोला संपला असं समजावं काय? (तारीख, वेळ, सही, सगळं घातलं.) उत्तर आलं, ‘ते नाटकात होतं.’ रंगमंचावर ती एकूण पाच शब्द बोलली, ते मी वहीत उतरवून ठेवलेत. त्यातला एकही माझ्या नावे धरायचा नाही, असं दिसतं.

ता. क. दोन – खरं काम पुढे आहे. सोबत एक छापील अर्ज जोडला आहे, ‘जप्त तराजूचा ताबा परत मिळण्याबाबत’. तराजू तुमच्या आईचा, आणि आई आता नाहीत, तेव्हा अर्ज वारसाने करायचा. सौ. वारस आहे, पण निरीक्षकाच्या बायकोचा अर्ज निरीक्षकानेच मंजूर करणं नियमात बसत नाही. तेव्हा आपण फुलीच्या जागी सही करून अर्ज उलट टपाली पाठवावा. खोट दुरुस्त करून घेण्याची अट छापील आहे, ती मी शाईने खोडली आहे. सव्वीस वर्षांत मी छापील अट पहिल्यांदा खोडतोय, तेव्हा याची वाच्यता करू नये. अर्ज रविवारच्या आत आला पाहिजे. नाटकासाठी नव्हे. मला घरात कुणीतरी बोलायला हवंय, दादा.

ता. क. तीन (हे अक्षर माझं आहे, दादा) – लिफाफा चिकटवून टपालात टाकायला यांनी माझ्या बाजूला ठेवला होता. हे दुसऱ्याचं टपाल वाचत नाहीत. मी वाचते.

तुझं पोस्टकार्ड मिळालं, ‘फूट असतील तर सोळा धर, त्याच्या कानावर घाल’ हेही मिळालं. घातलं. परत आलं. आता तुला म्हणून सांगते, सोळा की पाच, मी काहीच धरलं नव्हतं. वर बसून कोण सेकंद मोजतंय? माझं एवढंच ठरलं होतं, की खोकोत नाहीतर शिंकोत, हे फुलीवरून हलेपर्यंत गाठ सोडायची नाही. त्या आजोबांचा खोकला यांचा नाही हे मला कळत नाही का, बावीस वर्षं ऐकतेय. आणि दोरीला मी पहिल्या दिवसापासून एक जादा गाठ मारली होती, ती दिग्दर्शकालाही माहीत नाही. तरीसुद्धा हे त्या फुलीवर डोळे मिटून उभे राहिले ना, तेव्हा माझे हात असे कापायला लागले, की दोरी मी दातांतही धरली होती. म्हणून बोलायला उशीर झाला. यांना वाटतं मी अबोला धरून बसले होते.

तिथे वीस फूटही नाहीत. सुताराच्या पट्टीचा टोकाचा तुकडा मोडलेला आहे, मी लोकरीच्या धाग्याने मोजलं, एकोणीस भरतात. हे यांना कळवू नकोस. ती पट्टी जप्त होईल आणि मग तो म्हातारा बोलतो तेवढंही बोलायचा नाही.

अर्जावर सही कर. तराजू दुरुस्त करायची अट यांनी खोडलीय, ते मी तीनदा वाचलं. आपल्या दारातून कुणी कमी घेऊन जाऊ नये म्हणून आईनेच तो तसा बांधला होता, तुला आठवत असेल. मात्र अर्जाची वाट बघून मी काही तोंड मिटून बसणार नाही. आता हे पत्र टाकून परत येईन तेव्हा हे दारातच उभे असतील, ‘टाकलं’ की ‘नाही टाकलं’ याची चिठ्ठी मागायला. मी बोलणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही. दारात उभे असले तर बहुतेक ‘अहो, सरका’ असंच म्हणावं लागेल.

– चिमी